रणभूमीवरील जवान आणि घरचा संपर्क : बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून आणि सीमेपलीकडील चंदगड, गडहिंग्लज येथून जवानांच्या घरची मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावातच असल्याने बहुतेक प्रश्न भूदलाविषयीचे असतात; इतर दलांसाठी प्रश्न १५ पाहावा. लष्करी नियम परिस्थितीनुसार बदलतात. त्यामुळे येथील मजकूर आणि युनिटने दिलेली सूचना यांत फरक आढळल्यास युनिटची सूचनाच प्रमाण मानावी.

१. मुलगा कुठे आहे हे तो सांगतच नाही. मग पत्र कोणत्या पत्त्यावर टाकायचे?

पत्र पोहोचण्यासाठी त्याचे ठिकाण माहीत असण्याची गरज नसते. पाकिटावर त्याचा आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, कंपनी, युनिटचे नाव, त्याखाली ‘द्वारा ५६ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) किंवा ‘द्वारा ९९ एपीओ’ आणि युनिटचा पिन कोड एवढेच लिहावे. सैनिकी टपालाचे पिन कोड ९ या आकड्याने सुरू होतात, त्यामुळे ५९ ने सुरू होणारा आपल्या भागातील पिन चुकून तिथे पडला, तर पत्र बेळगाव जिल्ह्यातच फिरत राहते. ५६ एपीओचे टपाल दिल्लीच्या आणि ९९ एपीओचे कोलकात्याच्या केंद्रीय तळ टपाल कार्यालयातून पुढे जाते. कोणती पलटण आज कुठे आहे याची नोंद सैनिकी टपाल सेवेकडे असते. खानापूरच्या पोस्टमास्तरांना ती माहीत नसते आणि असण्याचे कारणही नाही. पलटण हलली तरी पत्ता बहुधा तसाच राहतो, ही या व्यवस्थेची खरी सोय आहे.

गावाचे, खिंडीचे किंवा छावणीचे नाव अंदाजाने लिहू नये. पत्ता इंग्रजी अक्षरांत लिहिल्यास वाटेत सोपे जाते. आतील मजकूर अर्थातच मराठीत लिहावा. हा सगळा तपशील जवान सुट्टीवर असतानाच एका वहीत लिहून घ्यावा आणि ती वही कपाटाच्या तळाशी न ठेवता घरातील दोघांना तरी ठाऊक असेल अशा जागी ठेवावी.

२. पंधरा दिवस झाले, फोन नाही. काही वाईट झाले असेल का?

हा प्रश्न आम्हांला सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

लढाईच्या काळात फोन बंद असणे हीच नेहमीची स्थिती समजावी. आघाडीवर निघताना मोबाईल जमा करून घेतले जातात, कारण चालू असलेला फोन शत्रूला माणसाचा ठावठिकाणा सांगतो. ज्यांच्याकडे फोन राहतो त्यांना टॉवर मिळत नाही; टॉवर मिळाला तर बॅटरी नसते; आणि हे दोन्ही असले तरी रात्री हालचाल आणि दिवसा झोप अशा क्रमात बोलायला निवांत वेळ मिळेलच असे नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत रजेवर आलेले जवान अर्ध्या रजेतून परत गेले आणि त्यानंतर अनेक घरांतील फोन गप्प झाले. तेव्हाही कारणे हीच होती.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की जखमी होणे, बेपत्ता होणे किंवा वीरमरण यांची बातमी कळवण्याची लष्कराची ठरलेली पद्धत आहे. ती बातमी युनिटकडून किंवा जवानांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडून नोंदलेल्या निकटच्या वारसाला कळवली जाते, आणि अनेकदा सैनिक कल्याण कार्यालयाचे किंवा पोलीस ठाण्याचे लोक प्रत्यक्ष घरी येतात. पूर्वी हीच बातमी तारेने येत असे, त्यामुळे तारवाला दारात दिसला की घरातील बायका आधीच रडू लागत. देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. वाईट बातमी अशा ठरलेल्या मार्गानेच येत असल्याने फोन न येणे ही स्वतंत्र बातमी नसते. आमच्या मते दर तासाला त्याच्या बंद नंबरावर फोन लावत बसल्याने फक्त घरातील म्हाताऱ्या माणसांचा रक्तदाब वाढतो.

चौकशी करावीशी वाटलीच तर पलटणीचा जो भाग मागे मूळ ठिकाणी राहिलेला असतो तेथे किंवा रेकॉर्ड ऑफिसमध्ये, नंबर आणि हुद्दा सांगून एकदाच करावी. तेथून ‘तो ठीक आहे’ एवढेच उत्तर मिळाले तर तेवढ्यावर थांबावे. कुठे आहे, कधी येणार हे विचारू नये.

३. आता व्हिडिओ कॉलचा जमाना आहे. पत्र लिहिण्यात काही अर्थ आहे का?

आहे, आणि लढाईत तर जास्तच. पत्राला टॉवर लागत नाही, ते खिशात राहते आणि पुन्हा वाचता येते. मात्र पत्रे क्रमाने पोहोचत नाहीत. सुनेला दवाखान्यात नेल्याचे पत्र आणि मुलगी झाल्याचे पत्र यांत दुसरे आधी पोहोचले, तर पहिले वाचून माणूस उगाच हादरतो. म्हणून प्रत्येक पत्राच्या डोक्यावर तारीख आणि अनुक्रमांक घालावा: ‘पत्र ७’ असे. जवानाने उत्तर देताना ‘पत्र ५ आणि ७ मिळाली, ६ नाही’ असे लिहिले, की काय पोहोचले याचा हिशेब दोन्हीकडे राहतो.

कठीण भागात तैनात असलेल्या जवानांना घरी लिहिण्यासाठी बिनतिकिटाचे फौजी पत्र मिळते. घरून पाठवताना मात्र नेहमीचे तिकीट लावावे लागते.

४. तो अनोळखी नंबरावरून फोन करतो, आवाज उशिरा येतो आणि अर्धे बोलणे तुटते. काय करावे?

तो बहुधा उपग्रह फोन असतो. सियाचिनसारख्या ठिकाणी जवानांना घरी बोलण्यासाठी तो उपलब्ध करून दिला जातो, आणि ऑक्टोबर २०१७ पासून त्याचा दर मिनिटाला पाच रुपयांवरून एक रुपया करण्यात आला. या फोनवर आपले वाक्य पलीकडे पोहोचायला क्षणभर जातो. दोघे एकाच वेळी बोलले की दोघांचेही ऐकू येत नाही. आपण एक वाक्य बोलावे, थांबावे, त्याला बोलू द्यावे. मागे रांगेत इतर जवान उभे असतात, म्हणून सर्वांत आवश्यक गोष्ट आधी सांगावी. फोन घरातील सात जणांच्या हातांतून फिरवण्यापेक्षा आज आईने, पुढच्या वेळी पत्नीने बोलावे असे ठरवलेले बरे. ‘हॅलो, ऐकू येते का?’ यातच अर्धा वेळ जातो, ही तक्रार जवानांचीही असते.

५. पत्रात किंवा फोनवर काय लिहू-बोलू नये?

त्याचे ठिकाण, पलटण कुठून कुठे निघाली, सोबत किती जण आहेत, कोणती शस्त्रे व वाहने आहेत, अधिकाऱ्यांची नावे आणि रजेवरून परतण्याची गाडी व तारीख, या गोष्टी विचारू नयेत आणि त्याने चुकून सांगितल्या तर पुढे नेऊ नयेत. बाकी सर्व मोकळे आहे. पाऊस किती झाला, भात लावून झाला का, उसाची तोड आली का, म्हैस व्याली का, धाकट्याला गणितात किती गुण पडले, हे जरूर लिहावे. ‘इकडे सर्व कुशल, काळजी नसावी’ एवढ्याच मजकुराची पत्रे अनेक घरांतून जातात. त्यांत वाचण्यासारखे काही नसते.

६. मग आपसांत काही खुणेचे शब्द ठरवले तर? म्हणजे ‘मामाच्या गावाला गेलो’ म्हणजे काश्मीर, असे.

ठरवू नयेत. ही युक्ती शंभर वर्षांपूर्वीही करून झालेली आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील भारतीय शिपायांची पत्रे तपासण्यासाठी वेगळी यंत्रणा उभारण्यात आली होती. तपासनिसांच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी शिपाई भारतीय सैनिकांना ‘काळी मिरी’ आणि गोऱ्या सैनिकांना ‘लाल मिरची’ म्हणत, आणि काळी मिरी संपत आली असे घरी कळवत. तपासनिसांनी ते ओळखले आणि आपल्या अहवालांत नोंदवूनही ठेवले. घरगुती संकेत जाणकाराला एका वाचनात उलगडतो. शिवाय तो पकडला गेला तर साध्या काळजीपोटी लिहिलेल्या वाक्याचा जाब जवानाला द्यावा लागतो.

ठरवायचेच असेल तर फक्त खुशालीचे ठरवावे. उदाहरणार्थ, फोन लागला पण बोलायला वेळ नसला तर ‘जेवलो’ एवढेच म्हणून ठेवायचे. यात लपवण्यासारखे काही नाही, त्यामुळे धोकाही नाही.

७. तो फेसबुक, इन्स्टाग्रामवर का नाही? आणि आम्ही त्याचे फोटो टाकले तर चालतील का?

जुलै २०२० मध्ये लष्कराने जवानांना आणि अधिकाऱ्यांना फेसबुक व इन्स्टाग्रामसह ८९ अॅप मोबाईलमधून काढून टाकण्याचा आदेश दिला होता. नंतर अशा सूचना वेळोवेळी बदलत आल्या आहेत. त्यामुळे तो दिसत नाही याचा अर्थ त्याने तुम्हांला टाळले असा घेऊ नये.

कुटुंबीयांना हा आदेश थेट लागू होत नाही आणि गळती नेमकी तिथूनच होते. बेळगाव स्थानकावर निरोप देतानाचा फोटो, त्याखाली पलटणीचे नाव आणि ‘चालला आमचा वाघ जम्मूला’ अशी ओळ, हे स्टेटस मुक्कामाची गाडी सुटण्याआधीच शेकडो लोकांनी पाहिलेले असते. दुसरी गोष्ट आपल्या भागातील फ्लेक्सची. वाढदिवस, भरती, बढती, सेवापूर्ती अशा प्रत्येक निमित्ताने वेशीवर फलक लागतो आणि त्यावर वर्दीतील फोटोबरोबर युनिट आणि नेमणुकीचे ठिकाणही छापलेले असते. मंडळाच्या पोरांचे प्रेम समजते. परंतु सेवेत असलेल्या माणसाचा फलक लावायचाच असेल तर नाव आणि गाव एवढे पुरे.

८. ‘साहेब बोलतोय’ असे सांगून कुणीतरी मुलाची नेमणूक विचारली. सांगावे का?

सांगू नये. खऱ्या अधिकाऱ्याला आपला जवान कुठे आहे हे माहीत असते. ते घरच्यांना विचारण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. फोन करणाऱ्याचे नाव आणि नंबर लिहून घ्यावा, ‘घरातल्यांना विचारून कळवतो’ म्हणून फोन ठेवावा आणि युनिटला व पोलिसांना कळवावे. मुलगा जखमी आहे, ताबडतोब पैसे पाठवा, असे सांगणारे फोनही याच जातीचे. लष्करी रुग्णालयात जखमी जवानावर उपचार करण्यासाठी घरच्यांकडे आगाऊ पैसे मागितले जात नाहीत.

९. घरात कुणी गंभीर आजारी पडले किंवा गेले, तर लढाईवर असलेल्या माणसाला सांगावे की लपवावे?

लपवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र थेट त्याच्या फोनवर रडत सांगू नये. मराठा पलटणीत एकाच तालुक्यातील, कधी एकाच गावातील अनेक जण असतात. तुम्ही लपवलेली गोष्ट शेजारच्या गल्लीतील फौजीच्या बायकोने नवऱ्याला सांगितलेली असते, आणि मग ती तुमच्या मुलाला जेवणाच्या रांगेत अशा प्रकारे कळते की ‘तुझे वडील गेले म्हणे, तुला माहीत नाही?’ त्यानंतर तो घरच्या कोणत्याच खुशालीवर विश्वास ठेवत नाही.

योग्य मार्ग असा, की युनिटला किंवा रेकॉर्ड ऑफिसला कळवावे आणि सोबत डॉक्टरांचा दाखला, तसेच शक्य असल्यास सैनिक कल्याण कार्यालयाची, तहसीलदारांची किंवा पोलीस ठाण्याची खातरजमा जोडावी. खातरजमा असली की तातडीच्या रजेचा निर्णय लवकर होतो. बातमी त्याचे सुभेदार साहेब किंवा कंपनी कमांडर त्याला बाजूला घेऊन सांगतात, त्या वेळी त्याच्याजवळ कुणीतरी असते आणि हातातील शस्त्राचीही काळजी घेतली जाते. रजा मिळेलच असे मात्र नाही. अंत्यसंस्कारासाठी त्याची वाट पाहायची की नाही, हा निर्णय घरातील वडीलधाऱ्यांनी घ्यावा आणि तो त्याला तसाच कळवावा.

१०. लग्न होऊन दोन वर्षे झाली, तरी युनिटचे फोन सासऱ्यांनाच जातात. सून म्हणून माझे नाव तिथे कसे लागेल?

तुमच्या लग्नाची ‘पार्ट टू ऑर्डर’ निघाली आहे का, हे पतीला विचारावे. लग्न, अपत्यजन्म, घटस्फोट, वारसातील बदल या सर्वांची लष्करी नोंद याच आदेशाने होते आणि ती नसेल तर निकटचा वारस म्हणून आई किंवा वडीलच राहतात. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत असल्याने आधारवर माहेरचे नाव, लग्नाच्या दाखल्यावर दुसरे आणि पार्ट टू ऑर्डरमध्ये तिसरेच असे होते. तिन्ही ठिकाणी एकच नाव आहे याची खात्री शांततेच्या काळातच करावी, कारण लढाई सुरू झाल्यावर पती कागदांसाठी मोकळा नसतो.

बाळंतपणासाठी माहेरी जाताना तेथील पत्ता व फोन नंबर युनिटकडे नोंदवावा. तातडीचा निरोप सासरच्या कुलूपबंद घरी येऊन परत गेल्याची उदाहरणे घडतात.

११. टीव्हीवर आणि व्हॉट्सअॅपवर पलटणीविषयी बातम्या येतात. त्यांवर कितपत विश्वास ठेवावा?

अधिकृत निवेदनाखेरीज कशावरही नाही. २६ एप्रिल २०२५ रोजी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने सर्व माध्यमांना लष्करी कारवाईचे थेट प्रक्षेपण टाळण्यास सांगितले होते. असे असूनही पुढच्या दोन आठवड्यांत अफवांचा पूर आला आणि त्यातील एक आपल्याच जिल्ह्यातील होती. ऑपरेशन सिंदूरची माहिती देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांचे सासर गोकाक तालुक्यातील कोन्नूर. त्यांच्या बेळगाव जिल्ह्यातील घरावर हल्ला झाल्याची पोस्ट फिरू लागली. ती साफ खोटी असल्याचे बेळगाव पोलिसांना जाहीर करावे लागले. जिथे एसटीने जाऊन खात्री करता येते त्या गावाविषयी असे होत असेल, तर हजारो किलोमीटर दूरच्या चौकीविषयी काय फिरत असेल याचा अंदाज घ्यावा.

१२. ‘बेपत्ता’ असे कळवले आहे. तो शत्रूच्या कैदेत असेल तर आम्हांला कसे कळेल?

‘बेपत्ता’ हा मृत्यूहून वेगळा वर्ग आहे आणि पुढील अधिकृत कळवणी येईपर्यंत त्याचा दुसरा अर्थ लावू नये. युद्धकैद्यांना १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचे संरक्षण असते. कैद्याला छावणीत पोहोचल्यापासून एका आठवड्याच्या आत घरी आणि रेड क्रॉसच्या केंद्रीय शोध यंत्रणेकडे आपल्या कैदेचे व प्रकृतीचे कार्ड पाठवू दिले पाहिजे. पत्रांवर मर्यादा घालायची झाली तरी महिन्याला किमान दोन पत्रे आणि चार कार्डे त्याला लिहू द्यावी लागतात, आणि या टपालाला शुल्क नसते. कारगिलच्या वेळी २७ मे १९९९ रोजी पाकिस्तानच्या हाती लागलेले फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता ३ जून रोजी रेड क्रॉसच्या हवाली झाले आणि परतले. सगळीच प्रकरणे इतक्या लवकर सुटत नाहीत.

कुटुंबाने स्वतः परदेशी वाहिन्यांशी किंवा समाजमाध्यमांवरील अनोळखी लोकांशी संपर्क करू नये. कैदी चौकशीत जे सांगत नसेल, ते तुमच्या मुलाखतीतून बाहेर पडू शकते. पत्रव्यवहार रेकॉर्ड ऑफिसमार्फतच करावा.

१३. पणजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्या’ला (बसरा, आजचा इराक) होते म्हणतात. तेव्हा घरी कसे कळत असे?

फार उशिरा आणि फार थोडे. बहुतेक शिपायांना लिहिता येत नसे. पलटणीतील एखादा लिहिणारा त्यांची पत्रे लिहून देई, वाटेत तपासनीस वाचत आणि गावात पोस्टमन किंवा मास्तर ती चावडीवर मोठ्याने वाचून दाखवत. नवराबायकोत खासगी असे काही उरतच नसे, हे त्या पत्रांतील एकसुरी ‘रामराम’ वाचताना ध्यानात ठेवावे.

आजच्या इराकमधील कुट-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांचा वेढा पडला. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि उरलेल्यांना कैदी म्हणून वाळवंटातून पायी नेण्यात आले. अनेक जण वाटेतच गेले. दुसऱ्या महायुद्धात कागदाचे वजन वाचवण्यासाठी पत्राचा फोटो सूक्ष्म फिल्मवर काढून ती विमानाने पाठवायची आणि पोहोचल्यावर छापायची अशी ‘एअरग्राफ’ योजना होती. जुन्या पेटीत तळहाताएवढा, फोटोच्या कागदावरचा पत्राचा तुकडा सापडला तर तो एअरग्राफ असू शकतो. टाकून देऊ नये.

१४. खाऊचे पार्सल पाठवता येते का? आणि त्याच्या नावाने जमिनीचा दावा चालू आहे, त्याचे काय?

हे दोन प्रश्न एकाच पत्रात इतक्यांदा येतात, की येथेही एकत्र ठेवले आहेत.

पार्सल पाठवता येते. शेंगांची चटणी, भडंग, बेसनाचे लाडू, खारीक हे टिकते. दुधाचा कुंदा त्याला कितीही आवडत असला तरी पाठवू नये, कारण पार्सल किती दिवसांनी पोहोचेल याचा भरवसा नसतो. लोणच्याची बरणी फुटली की तेल इतरांच्या पत्रांवर जाते. काडेपेटी, लायटर, पॉवर बँक चालत नाहीत. पार्सल कापडात शिवून वर न पुसणाऱ्या शाईने पत्ता घालावा आणि आतही पत्त्याची एक चिठ्ठी ठेवावी.

दाव्यासाठी १९२५ चा ‘इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) अॅक्ट’ आहे. युद्धसेवेसारख्या विशेष परिस्थितीत असलेला सैनिक न्यायालयात हजर राहू शकत नाही, असे ठरलेल्या प्रमाणपत्राने कळवले की न्यायालय कामकाज पुढे ढकलते, आणि मुदतीच्या गणनेत तो काळ वगळण्याची तरतूदही आहे. त्याच्यातर्फे अधिकृत प्रतिनिधी आधीच काम चालवत असेल, तर मात्र तहकुबी मिळेलच असे नाही. वकिलांना या कायद्याचे नाव आपण होऊन सांगावे.

१५. मुलगा नौदलात आहे. त्यालाही ५६ एपीओ चालेल का?

नाही. युद्धनौकेवरील नौसैनिकाचा पत्ता जहाजाच्या नावाने आणि फ्लीट मेल ऑफिसमार्फत असतो. हवाई दल आणि सीमा सुरक्षा दल यांत नेमणुकीनुसार फरक पडतो, म्हणून त्याने दिलेला पत्ता अक्षरशः तसाच वापरावा. प्रश्न ५ ते ८ मधील काळजी सर्वच दलांना लागू आहे.

१६. माझे पत्र ‘परत’ असा शिक्का मारून आले. याचा अर्थ काय घ्यावा?

बहुधा नंबरातील एखादा आकडा चुकला, पिन चुकला किंवा त्याची दुसऱ्या युनिटला बदली झाली. वाईट बातमी परत आलेल्या पाकिटातून कळवली जात नाही (प्रश्न २). पाकीट फेकू नये; त्यावरील शिक्के पाहून ते कुठपर्यंत गेले होते हे कळते. पत्ता तपासून पत्र नव्या पाकिटात पुन्हा टाकावे.

१७. आमचे घर चंदगड तालुक्यात, शेत बेळगाव तालुक्यात आणि पत्नी मुलांसह बेळगावात भाड्याने राहते. मदतीसाठी कोणत्या कार्यालयात जायचे?

जवानाच्या सेवानोंदीत कायमचा पत्ता म्हणून जो जिल्हा लिहिला आहे, तेथील सैनिक कल्याण कार्यालय तुमचे. चंदगड असेल तर कोल्हापूर, खानापूर किंवा निपाणी असेल तर बेळगाव. राज्य सरकारच्या योजनाही त्याच नोंदीवर ठरतात, म्हणून सोयीसाठी मधेच पत्ता बदलण्याआधी दोन्ही राज्यांतील तरतुदी विचारून घ्याव्यात. तातडीच्या निरोपासाठी मात्र बेळगावातील भाड्याच्या घराचा पत्ता आणि फोन युनिटकडे वेगळा नोंदवावा (प्रश्न १०). नोंदीतील गावाचे स्पेलिंग आणि जिल्ह्याचे नाव, ‘बेळगाव’ की २०१४ नंतरचे ‘बेळगावी’, सर्व कागदांवर जुळते का हेही पाहावे. दोन्ही जिल्ह्यांत अर्ज टाकून ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. त्याने काम दुप्पट होते, लवकर होत नाही.